आरोहीच्या जावळाबाबत खुलासा

बेळगाव,
माघातला रविवार

तीर्थस्वरूप भरमूअण्णा यांना,

परशरामचा नमस्कार. (त्याआधी ‘साष्टांग’ हा शब्द लिहून खोडला आहे; कागद उजेडात धरल्यास दिसेल. जो मी प्रत्यक्षात कधी घातला नाही तो कागदावर घालणे खोटेपणाचे झाले असते, म्हणून खोडला. पण तो लिहावासा वाटला हे लपवावेसेही वाटले नाही, म्हणून नवा कागद घेतला नाही.)

आपली आणि वहिनींची प्रकृती कशी आहे हे विचारण्याची रीत आहे, पण येथे ती नुसती रीत नाही. आम्हाला खरोखरच माहीत नाही. आपल्या तांबड्या गाईला वासरू झाल्याचे मंगलला आपल्या जांबोटीकडून येणाऱ्या भाजीवालीने सांगितले. सख्ख्या भावाच्या गोठ्यातली बातमी बहिणीला भाजीच्या टोपलीतून मिळावी, हे मला व्यवस्थेच्या दृष्टीने सदोष वाटते. माझा फोन आपण उचलत नाही. मंगलचा उचलता, पण ‘शेतात हाय गं, मागनं करतो’ म्हणून ठेवता. गेल्या नऊ महिन्यांत ते ‘मागनं’ आलेले नाही. ती फोन खाली ठेवते आणि मला सांगते, ‘आण्णा कामात हाय.’ मी मान डोलावतो. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला सलग सतरा वेळा आलेले तेच उत्तर योगायोग वाटू नये, एवढे तिलाही कळते.

आमच्याकडे सर्व ठीक. आरोहीला दोन वर्षे सात महिने पूर्ण झाले. तिच्या संगोपनासाठी मी भिंतीवर वेळापत्रक लावले होते (अर्ध्या-अर्ध्या तासाचे, तीन रंगांत). त्याचा खालचा भाग तिने खाल्ला. देवघराबाबत माझा नियम आपणास ठाऊक आहे: एक फळी, धूर नाही, घंटा नाही. त्या फळीचा ताबा आता आपल्या भाचीने घेतला आहे. सकाळी ती बाळकृष्णाला माझ्या दाढीच्या मगात अंघोळ घालते. त्याला उपमा भरवते, आणि तो खात नाही म्हणून मी त्याला रागावावे असा हट्ट धरते. मी रागावतो. परवा वर्गात खडू काढायला खिशात हात घातला तर गणपती निघाला. साठ विद्यार्थ्यांसमोर मी त्याला टेबलावर ठेवले आणि प्रमाण विचलनाकडे वळलो. (कुणी हसले नाही. माझ्या वर्गात हसत नाहीत.)

आता मूळ विषय. या पत्रात कोणतीही विनंती नाही. जे घडले त्याची नोंद क्रमवार असावी, एवढाच हेतू. आरोही सातव्या महिन्यात झाली तेव्हा ती बाराशे ग्रॅमची होती आणि तेरा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या तेरा दिवसांत मी तिच्या वजनाचा आलेख काढला. दर सहा तासांनी एक ठिपका. आपण दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे असायचात. मला त्याचा राग येई, कारण उभे राहून वजन वाढत नाही. तेथेच आपण ग्रामदेवी सातेरीला नवस बोललात, की पोरगी घरी आली तर तिचे पहिले केस माझ्या मांडीवर उतरवून तुला देईन. हे मला मंगलने सांगितले होते, आणि मी ‘बघू’ म्हटले होते. पहिल्या वर्षी जावळ मीच लांबवले. तिचे वजन अजून आलेखाच्या खालच्या रेषेखाली होते आणि आपल्या डोंगरातल्या पावसात तिला नेणे मला योग्य वाटले नाही. त्या निर्णयात आजही मला चूक दिसत नाही.

मला जे सांगितले गेले नव्हते ते वेगळेच. बारशाला आपण अनवाणी आला होता. नव्या फरशीवर लाल मातीची पावले उमटली आणि मी (पाहुण्यांसमोर, हे कबूल) पायपुसणे दाखवले. एवढ्यावर न थांबता संध्याकाळी बाजारात जाऊन नऊ नंबरच्या चामडी चपला आणल्या आणि अनवाणी चालण्याने होणाऱ्या जंतांविषयी पाठपोट एक टिपण लिहून खोक्यात ठेवले. आपण ते वाचलेत, घडी घालून वरच्या खिशात ठेवलेत, खोका काखेत मारलात आणि अनवाणीच बसस्टँडकडे निघालात. मी मंगलला म्हणालो, ‘तुझ्या भावाला शिकवणे कठीण आहे.’ ती काही बोलली नाही. मी तिच्या न बोलण्याचा अर्थ सहमती असा लावला. ही सवय मला जुनी आहे.

मग गेला चैत्र. आरोहीच्या मानेवर घामोळे उठले, केसांखाली फोड आले, डॉक्टर म्हणाले केस कमी केलेत तर बरे. अक्षय तृतीयेला, म्हणजे आठच दिवसांवर, जांबोटीला जावळ ठरले होते. पण आठ दिवस एका मुलीने खाजवत का काढावेत, या प्रश्नाला मला सबळ उत्तर मिळेना. शनिवारी मंगल कामावर, शाळेत गेली असताना मी आरोहीला लहान मुलांच्या सलूनमध्ये नेले. तेथे मोटारीच्या आकाराची खुर्ची होती. काम उत्तम झाले. दोन्ही बाजू मी स्वतः पट्टीने मोजल्या. त्यांनी ‘पहिल्या केशकर्तनाचे’ छापील प्रमाणपत्रही दिले आणि मी ते चौकटीत बसवून आणले. अण्णा, माझ्या घरात माझी चार प्रमाणपत्रे आहेत. हे पाचवे मी त्यांच्या शेजारी लावले, आणि खरे सांगतो, मला आनंद झाला होता.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आपण नारळ आणि हिरवा परकर-पोलका घेऊन जावळाचे आमंत्रण द्यायला आलात. आरोही धावत आली. आपण तिच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि तो मानेपाशी थांबला. ‘केस कुटं हाईत पोरीचं?’ असे आपण विचारलेत. मी म्हणालो, ‘केस जिथे जातात तिथे, सलूनच्या केराच्या टोपलीत.’ त्यानंतर केस हा मृत पदार्थ असून कोणत्याही देवतेला त्याचा उपयोग नाही, या विषयावर मी सुमारे वीस मिनिटे बोललो. मांडणी नेटकी होती. आपण मध्येच उठलात, परकराची घडी मंगलच्या हातात दिलीत, ‘येतो गं मंगल’ म्हणालात. चहा तसाच राहिला. मंगल फाटकापर्यंत गेली आणि परत आल्यावर मला म्हणाली, ‘आण्णानं चपला सोडल्यात. पोरगी पेटीत असल्यापास्नं. जावळ देवीला दिल्याबगर पायात काय घालायचं न्हाई म्हणून.’ मी विचारले, हे मला आधी का नाही सांगितलेस? ती म्हणाली, ‘तुमी ऐकून घेतला असता व्हय? चूक काढली असती.’

चूक काढली असती, हे खरे आहे.

म्हणजे असे झाले: पहिले केस एकदाच येतात. ते गेले. नवस फिटण्याचा मार्ग मी पट्टीने मोजून बंद केला, आणि आपण आता आयुष्यभर अनवाणी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सलूनच्या दारात होतो. कचरा गाडीत गेला होता. मी स्कूटरने गाडी गाठली. चालकाला प्रकरण समजावून सांगायला मला (शक्यतो कमी शब्दांत) दहा मिनिटे लागली. तो भला माणूस. म्हणाला, ‘सर, बघा की. त्यात काय.’ सलूनची काळी पिशवी सापडली, आणि रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र पसरून मी ती उघडली. आत अकरा मुलांचे केस होते. रजिस्टरवरून आकडा मी आधीच घेतला होता. चालक शेजारी उकिडवा बसला. ‘तुमच्या पोरीचं कंचं?’ त्याने विचारले. काळे, तपकिरी, कुरळे, सरळ. मी प्रत्येक पुंजका उजेडात धरून पाहिला. अण्णा, त्या मुलीचे तेरा दिवसांचे बावन्न ठिपके मला आजही तोंडपाठ येतात. तिचे केस कसे होते ते मला सांगता येईना. चालक म्हणाला, ‘आईला बोलवा, ती वळखंल.’ मी पिशवीचे तोंड बांधून त्याला परत दिली. मंगलला मी हे सांगितलेले नाही.

नंतर नागपंचमी आली, गेली. मंगल माहेराला गेली नाही. आईवडील नसलेल्या बाईचे माहेर म्हणजे एक भाऊ, एवढी साधी बेरीज मला नागपंचमीला कळली. मग भाऊबीज. दुपारी तिने ताट तयार केले: कुंकू, सुपारी, निरांजन. मला वाटले आपण येणार आहात. मी जाऊन चौरंगही पुसून ठेवला. चार वाजले, पाच वाजले. मग ती म्हणाली, ‘गच्चीवर चला. चंद्राला ओवाळते.’ ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे मला माहीत होते. ज्या बाईचा भाऊ बसच्या एका तिकिटावर आहे, तिने ओवाळल्याचे माझ्या ऐकण्यात नव्हते. तेवढे मी बोललो नाही. मी जे बोललो ते असे: द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर तासाभरात मावळते, पश्चिमेला समोरची इमारत आड येते, तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ उभे राहावे लागेल आणि आपल्याकडे वीस मिनिटे आहेत. मला त्या वेळी एवढेच देता येण्यासारखे होते. वाऱ्याने निरांजन चार वेळा विझले. मी दोन्ही तळव्यांचा आडोसा धरून उभा राहिलो आणि ती माझ्या हातांवरून त्या नखाएवढ्या कोरेला ओवाळत राहिली. आरोहीने विचारले, ‘आई, कोन?’ मंगल म्हणाली, ‘मामा गं तुजा.’

तेव्हापासून मामा आकाशात असतो. कोर दिसली की ती त्याला हाक मारते, उपमा दाखवते. अमावास्येला दाराशी उभी राहून म्हणाली, ‘मामा न्हाई आला.’ मी पंचांग पाहून सांगितले, परवा येईल. तो ठरल्या वेळी आला. (हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.) माझा आलेख आणि आपला नवस यांत फरक काय, हे मला त्या तेरा दिवसांत अगदी स्पष्ट दिसत होते. अलीकडे तेवढे स्पष्ट दिसत नाही. नोंद येथे पूर्ण होते. वहिनींना नमस्कार.

आपला,
परशराम

ता. क. : या पत्रात विनंती नाही असे वर लिहिले आहे. ते दुरुस्त करावे लागेल. गेल्या गुरुवारी परीक्षेच्या कामाचे निमित्त सांगून मी जांबोटीला येऊन गेलो. सातेरीचे गुरव भावकू यांना भेटलो. त्यांना मी प्रकरण मुद्देसूद सांगितले; ते सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, ‘देवी काय केसं मोजत बसत न्हाई, मास्तर. पर भरम्यानं सबूद दिलाय न्हवं? त्यो कसा फिटायचा?’ मी म्हणालो, तेच विचारायला आलो आहे. ते म्हणाले, ‘ज्यानं मोडलं त्येनं द्यावं. तुमचं डोस्कं उतरवा.’ मी विचारले, आणि मांडी? ‘मांडी भरम्याचीच. नवस मांडीचा हाय.’ याला लेखी आधार काय, असे मी विचारले. ‘लेखी काय न्हाई बा,’ ते म्हणाले, ‘पर आमच्या आज्ज्यानं ह्येच सांगिटलं असतं.’ परतताना बसच्या खिडकीतून आपण दिसलात. डोक्यावर गवताचा भारा, खडीच्या रस्त्याच्या कडेने चालत होतात. पाय पाहिले. हाक मारण्यापर्यंत मी अजून पोचलेलो नाही.

ता. क. दुसरा : तेव्हा विनंती अशी. फाल्गुनातल्या पहिल्या शुक्रवारी, सकाळच्या पहिल्या बसने मी, मंगल आणि आरोही येत आहोत. आपण मला मांडीवर घ्यावे. माझे वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. आपले मंगलच्या अंदाजाने पंचावन्न. (बारा दिवसांत मी तीन किलो उतरवू शकेन; आलेख काढायला घेतला आहे.) ‘निम्मं बसलं तरी चालतंय’ असे भावकू म्हणाले, पण निम्मे म्हणजे नेमके किती, हे त्यांना सांगता आले नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात एकही पांढरा केस नाही आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे, हेही सांगून ठेवतो; देवीला कमअस्सल माल दिला जाणार नाही.

ता. क. तिसरा : आपण आला नाहीत तरी मी केस उतरवणार आहे, देवळाच्या पायरीवर एकटा बसून उतरवीन. मंगलला अजून काही ठाऊक नाही. तिला फक्त परकर-पोलके बरोबर घे म्हणणार आहे. शनिवारी कॉलेजात मुंडण पाहून सगळे आवाज खाली आणून विचारतील, ‘सर, घरातलं कोण गेलं?’ या प्रश्नाचे उत्तर मला तयार ठेवायचे आहे, अण्णा, आणि ते मला एकट्याला ठरवता येत नाही.