काळतोंडीचं दुखणं

विंचूरच्या शिवारातून,
गुरुवार, १४ मे १९९८

कुसे,

आशीर्वाद घे, पण आधी ऐकून घे. "आज्जी हाय का धोंडा? नातीचं तोंड बघायला सवड नाय व्हय तिला?" हा निरोप तू कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्या वाल्मीकच्या तोंडी धाडलास. त्या मेल्यानं तो मेंढ्यांच्या वाड्यावर, सगळ्या बिऱ्हाडांसमोर बोंबलून सांगितला. मेंढ्या रवंथ करायच्या थांबल्या. थोरल्या बहिणीला असं बोलतात का गं? म्हणून मी तोंडी निरोप न देता लिहिते आहे. दुसरीपर्यंतची शाळा माझी. काना-मात्रा चुकला तर हसू नको.

सून साधनाला आई नाही, तुझ्याकडं दवाखाना जवळ, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण तुझ्याकडे सायखेड्याला केलं. ते बेस झालं. माझा सोमनाथ झाला तेव्हा बाभळीखाली लुगड्याचा आडोसा धरला होता, आणि तिसऱ्या दिवशी मी डोक्यावर बिऱ्हाड घेऊन मेंढ्यांमागं चालत होते. सुनेला खाट मिळाली, डॉक्टरीणबाई मिळाली, पोरगी गुटगुटीत. सोमनाथ सांगत होता, कान माझ्यासारखे आहेत. कान घेतले ते घेतले, जीभ घेतली नाही म्हणजे झालं.

मी येत नाही कारण दोन मेंढ्या अजून व्यायच्या आहेत. कुत्री व्यायली आहे. कारभाऱ्यांना भाकरी कोण थापणार? आणि त्या एसटीचे धक्के. तुला हे सगळं खोटं वाटेल. वाटू दे.

परवा काळतोंडी मेंढी व्यायली आणि तिचं पिशवीसकट अंग बाहेर आलं. कारभारी सायकल हाणत गेले, गुरांच्या डॉक्टरला घेऊन आले. त्यानं धुतलं, आत सारलं, टाके घातले. आज चरते आहे सटवी! मी बघत बसले होते. बसले म्हणजे उभी होते, हल्ली फार वेळ बसवत नाही.

तर तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला विचार, बाईमाणसाचं असं झालं तर इलाज असतो का? वाड्यावर एक बाई आहे. खोकली, हंडा उचलला की अंग खाली उतरतं. लय वर्षं झाली. आधी हातानं सारलं की राहायचं, आता राहत नाही. नाव विचारू नको. कापतात का, का नुसते टाके घालतात, ते विचार. आणि तपासायला पुरुष असला तर ती येणार नाही, हे आधीच सांग.

डॉक्टर गेल्यावर कारभारी काळतोंडीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "मुक्या जनावराला डॉक्टर आणला. बोलत्या माणसानं तोंड तरी उघडावं."

मी म्हटलं, "मेंढीशी काय बोलता?"

"तिच्याशीच बोलतोय," म्हणाले, पण बघत होते माझ्याकडं.

तेव्हापासून पाण्याचा हंडा तेच आणतात. बायका फिदीफिदी हसतात. चिमणाबाईनं विचारलं, "आक्का, नवरा भाड्यानं देती का?" मी म्हटलं, "परवडायचा नाय तुला." खरं सांगते कुसे, बरं वाटतं गं. या वयात.

बारसं पुढं ढकल, असं मी म्हणणार नाही. ढकललंस तर बिघडणारही नाही. त्या बाईला इथल्या शेतमालकाच्या जीपमध्ये मागं निजवून आणता येईल, तो हो म्हणालाय. तुझ्याकडं खाट एकच असेल तर साधनाला राहू दे, ती बाई खाली झोपेल. शेजारी पाळणा असला की झालं.

सोमवारी वाडा हलतो, येवल्याच्या अंगाला. पुन्हा चालणं. या खेपेला त्या बाईला लय चालवणार नाही. रविवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पाहिजे, डॉक्टरीणबाई काय म्हणाली आणि कोणत्या वारी असते. वाल्मीकच्या तोंडी नको. लिहून, भाताच्या शितानं पाकीट चिकटवून. हे मी तसंच चिकटवलंय. वाल्मीकच्या हातून उघडं मिळालं तर त्याचे कान उपट.

पोरीचा माझ्या वाटचा मुका घे.

तुझी थोरली बहीण चांगुणा,
म्हणजे वाड्यावरची तीच ती बाई.