विष्णूची वेलांटी

मंगळवार, विश्रामबाग

विष्णूनं नव्या घराच्या पाटीसाठी कोरेगावहून सागवानी फळी पाठवलीय. एकच. बायकोचा भाऊ, त्यात निवृत्त सुभेदार. फळी वाया गेली तर माफी नाही. घरी बनवलेल्या राउटरवर, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रावर, त्याचं नाव मी कोरणार, अशी बढाई मारून बसलोय. संगणकावर आराखडा काढायच्या कॅडमध्ये नाव सुरेख दिसतं. त्यावरून कटरला वाट दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे कॅम, कोणतं घ्यावं, याचाच आठवडाभर घोळ. फुकटच्या कॅमनं 'वि'ची वेलांटी उचलून 'ष्णू'ला दिली. महागड्यानंही तेच केलं, फक्त ऐटीत.

विष्णूला पडद्यावरच्या त्या नावाचा फोटो पाठवला. लगेच फोन. "आवं दाजी, फौजेत बी माझं नाव एवढं वाकडं कुणी केलं न्हाई!"

बायको म्हणाली, "त्याला अक्षरं कशाला वाचायला लावता? रांगोळीसारख्या नुसत्या रेघा द्या." मला का सुचलं नाही? असो. कॅडमध्येच अक्षरांच्या रेघा करून फुकटच्या कॅमला दिल्या, प्लायवूडवर चालवलं. वेलांटी 'वि'लाच! दोनदा बोट फिरवून पाहिलं.

कॅम ठरलं, फुकटचंच. उद्या सागवान. आत्तापासूनच हात कापतोय. बरंय, कापायचं काम राउटरचं आहे.