भु बरणीतलं पाणी

९ ऑगस्ट
मी ताईच्या बरणीत तुरटी फिरवली. लिहून टाकतो, जेवण जाईना.
ताई लोणावळ्याला कॉलेजात, शेवटचं वर्ष. खिडकीत तिच्या दोन बरण्या. चिठ्ठ्या लावल्यात, प म्हंजी पवना धरणाचं पाणी, भु म्हंजी भुशी धरणाचं. पाण्यात भाताचा पेंढा कुजवलेला, त्यात डोळ्याला न दिसणारी जनावरं. वास मारतो. म्हणलं गंमत करू. भु चं पाणी काचंवानी करायचं आन सांगायचं, तुझी जनावरं पुण्याला ऱ्हायला गेली. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटी धरून सात येढे द्यायची. मी बी सात दिले. खडा आईचाच, फळीवरचा.
तासाभरात पाणी नितळ. तळाला कापसावानी कायतरी. ताईच्या मायक्रोस्कोपखाली थेंब ठिवला. यरवी नुसती जत्रा असती. आज कुणी हलंना. दुसरा थेंब. तिसरा.
बरणी धुतली. प मधलं अर्धं तिच्यात ओतलं, पेंढा टाकला. ताई यायच्या आत.

१० ऑगस्ट
ताईला कळलं न्हाई. उलट हाक मारून दाखवलं, एक जण दोन हुत हुता. चपलेच्या तळव्यावानी ध्यान. आत काय चाललंय ते वहीतल्या चित्रावर बोट ठिवून सांगितलं. पोटात दोन गाठी, एक मोठी, एक बारकी. ती केंद्रक म्हणती. बारकी नीट वाटून दोन हुती. मोठी नुसती ताणत जाती, कणकेच्या गोळ्यावानी, मग तुटती. पाणी बाहेर टाकायचे दोन पंप असत्यात, त्याचे चार हुत्यात. मग कंबर आवळती आन दोघं दोन दिशेला.
मी म्हणलं, ह्यातली आई कंची आन पोरगं कंचं?
"कुणीच न्हाई रं पप्या. आन मेलं बी कुणी न्हाई."
आई गेल्यापासनं ताई हसती ती त्या नळीत डोळा घालूनच.

११ ऑगस्ट
आज ताईकडनं लय वंगाळ कळलं. प वाली आपसात जुळत न्हाईत. त्यांना भु चीच लागत्यात. दोन्हीकडची उपाशी ठिवून एका थेंबात सोडली की तोंडाला तोंड लावून जोड्या हुत्यात. मग म्हणं मोठी गाठ फुटती, चिंध्या चिंध्या, आन इरघळून जाती. बारकीची वाटणी हुती, ह्याची अर्धी त्याला, त्याची ह्याला. त्यातनंच नवी मोठी गाठ धरती.
ताईनं जूनमध्ये हे बघून चित्रं काढलीत. सर म्हणले पुस्तकातनं उतरवलीस. शुक्रवारी माझ्यासमोर जोड्या दाव, तर वहीवर सही.
आता दोन्ही बरण्यांत पवनाच हाय. मला एकट्यालाच म्हाईत.

१२ ऑगस्ट
पवनेला पर्यटकांच्या कॅम्पवर मी कामाला हाय, तिथं तंबू ठोकताना सुचलं. घरी येऊन सहज म्हणलं, ताई, भु चं पाणी लय जुनं झालं, भुशीवरनं ताजं आणू?
"हात लावू नगंस. ते आईनं भरून दिलंय."
भुशीला आईची कणसाची गाडी हुती. मागच्या पावसाळ्यात गाडीमागच्या खडकातल्या डबक्यातनं तिनं बाटली भरून दिली, तुझ्या किड्यांना घे म्हणली. महिन्याभरात आई गेली. ताई तवापासनं पेंढा बदलत आली. म्हणली, वरीस झालं, तीच फुटत फुटत चालल्यात, आईनं भरलेली.
मी उठून बाहेर गेलो.

१४ ऑगस्ट, शुक्र.
जोड्या झाल्या न्हाईत. ताई म्हणली सर दोन तास बसले, मग सगळ्यांसमोर म्हणले, चित्रकला चांगली हाय तुझी. पोरं हसली. सोमवारी शेवटचं बघतो म्हणले.
आबा, आमचा बाप, ताटावर बसून म्हणला, जाऊ दे गं, मार्कच हायेत. ताई ताटावरनं उठली. भाकरी तशीच.
झोपायच्या आधी मला म्हणली, "आईच्या पाण्याला काय झालं असंल रं?"
मी म्हणलं, गारठा.

१६ ऑगस्ट, रवि.
कॅम्पवर दांडी. भुशीला गेलो. ही गर्दी. आईच्या जागंवर आता एक मावशी भजी तळत्यात. इचारलं, हितं मागं डबकं हुतं ना? म्हणल्या, बाळा, सगळीकडं डबकीच हायेत. तीन ठिकाणचं घेतलं, एका बाटलीत. मग तिथंच बसलो जरा. आईच्या चुलीचे तीन दगड हायेत अजून.
ताई आंघोळीला गेल्याव भु बरणीतलं वतून टाकलं, हे भरलं, वर तोच पेंढा.

१७ ऑगस्ट, सोम.
सकाळचे सहा. साडेसातची गाडी हाय तिची. रातीच तिनं प आन भु चा एकेक थेंब जुळवून ठिवलाय. आता नळीला डोळा लावून बसलीय, येणी बी घातली न्हाई. मी दारात, हे लिहितोय.
न्हाई जुळली तर सही गेली, आन ती खोटी ठरली. जुळली तर हसंल. आईची हायेत म्हणून हसंल. आन ती आईची नसत्यात.
आईची मीच मारली. आईच्याच खड्यानं.
आत्ता म्हणली, "पप्या, हिकडं ये." आवाजावरनं काय कळंना.
जो कुणी ही वही उघडून वाचत असशील, पाया पडतो तुझ्या. ताईला सांगू नगंस. आबाला बी नगं. कुणालाच