गच्चीला कठडा नाही

रवि., २ फेब्रु.
"मंडळीतल्या आयांनो, संडे स्कूलला जागा नाही म्हणून आपल्या लेकरांना चर्चची गच्ची दिली, आणि त्या गच्चीला कठडा नाही!" आज उपासनेनंतर उभी राहून बोलले. कमिटीतले ज्येष्ठ याकोबदादा हसले. "बाई, देव शे ना राखाले! आमले नियमशास्त्र नका शिकाडू. आपण नियमखाल नही, कृपाखाल शेतस."
चर्चसमोर कमान झाली. चारी दिशांना कर्णे लागले. कठडा राहिला.
घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, नाहीतर पडणाऱ्याचं रक्त तुझ्या घरावर, असं बायबलात, मोशेच्या नियमांत आहे. देवाने गवंडीकामात का लक्ष घालावं? माणूस पडतो हे त्याला ठाऊक आहे म्हणून.

रवि., ९ फेब्रु.
पडला. याकोबदादांचाच नातू, शमुवेल. चार वर्षांचा. गाणं चालू होतं, टाळ्या वाजवत एक पाऊल मागे, अजून एक मागे...
खाली उसाच्या पाचटाचा ढीग होता म्हणून वाचला. मनगट मोडलं. शहाद्याला प्लास्टर. जीपमध्ये त्याची आई सुनीता तो हात मांडीवर धरून बसली.

मंगळ., ११ फेब्रु.
म्हणे चमत्कार! आजोबा घरोघर सांगत फिरताहेत, "देवदूतसनी झेलं पोऱ्याले!" रविवारी आभाराची सभा, तीही गच्चीवरच. पोराने वर उभं राहून साक्ष द्यायची. संदेश, म्हणजे प्रवचन, माझं. मला म्हणाले, "बाई, जराखं गोड बोला."
कठड्याचं विचारलं.
"आते कसाले? देवनी दखाडं ना!"
ढोंग! स्वतःच्या नातवाचं मोडलं हाड दिसत नाही की बघवत नाही?

शनि., १५ फेब्रु.
सुनीता आली. उंबऱ्यातच उभी. "बाई, मी कठडा मांगा तर मन्हा विश्वास कमी शे म्हणतीन ना?"
म्हटलं, "मंदिराच्या टोकावर नेऊन प्रभूला, उडी मार, देवदूत झेलतील, असं कोण म्हणालं होतं?"
मग हळूच, "सैतान."
"मग प्रभूने मारली उडी?"
तिने नाही म्हणून मान हलवली. जाता जाता म्हणाली, "पण सासरा शे, बाई. त्याच घरमा ऱ्हानं शे."
ती उद्या काय करेल, माहीत नाही. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसणार. गोड बोलणार नाही. एवढंच:
कठडा ही कृपाच आहे, विटांची. बायांनो, तो बांधून होईपर्यंत या जिन्यात उभ्या राहा, आणि एकही लेकरू वर सोडू नका.