धवलारणीचं तोंड

रोडपाली
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. सत्यवती हिस,
अ. उ. आ.

रोडपालीहून गव्हाणला रिक्षाने अर्धा तास लागतो आणि पत्राला चार दिवस, हे मला ठाऊक आहे. पण कॅन्सरपायी माझी आवाजाची पेटी काढली त्याला सहा वर्षं झाली. भेटलो की तू बोलतेस आणि मी पाटीवर लिहितो. माझं एक वाक्य होईपर्यंत तुझी दहा होतात. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येत नाही. माझा फोन मी तुझ्या भाचीला, मनस्वीला देऊन टाकला. लोक हॅलो हॅलो करून ठेवून देत होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी इस्पितळात नवीन पेशंटजवळ बसायचं काम चालू आहे. ज्याचा घसा काढायचा असेल त्याला मला दाखवतात. मी जेवतो, चालतो, भांडतो हे बघून त्याला धीर येतो म्हणे. जोडीला पनवेलच्या खतीजाबाई असतात, त्यांना छातीचा होऊन गेला. मी पाटीवर लिहितो, त्या मोठ्याने वाचतात. मी फक्त ‘घाबरू नका’ लिहिलं तरी त्यांचं वाचन पाच मिनिटं चालतं.

आता कामाचं. २ फेब्रुवारीला आमची मंडळी गव्हाणच्या शाळेत बायकांची तोंडं तपासायला येणार. आपल्याकडे सासू असो की सून, सकाळी तव्यावर तंबाखूची मशेरी भाजून दातांना लावणार, हे ठरलेलं. डॉक्टरचं नाव काढलं तर कोणी येणार नाही. पण तू धवलारीण. तू हळदीची गाणी, धवले म्हटल्याशिवाय गावात कोणाच्या पोरीला हळद लागत नाही, त्यामुळे तुझं ऐकतील. मनस्वीची हळदही १७ मेला तुझ्याच गळ्यावर आहे.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला माझी हरकत नाही.

तुझा,
बळीराम


गव्हाण
४ फेब्रुवारी

ती. दादूस यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला खोकला झाला म्हणून वहिनीने शिबिराला सोडला नाय, असं खतीजाबाई म्हणाल्या. गळ्याच्या भोकावर रुमाल बांधत जा. कोणी बघत नाय.

शिबिर झालं. सत्तर बाया आल्या. मी घरोघर सांगून आली होती की डॉक्टर तोंडात बघणार हाय. मग तोंड स्वच्छ दिसावं म्हणून बायांनी सकाळी रोजच्या दुप्पट मशेरी लावली. शेजारच्या गोदूने तर रांगेत उभ्याउभ्या परत एकदा लावली. डॉक्टरीणबाईंनी पहिलं तोंड उघडून बघितलं आणि मिटायला सांगितलं. मग सगळ्यांना चूळ भरायला पाठवलं. शाळेची टाकी रिकामी झाली. हेडमास्तर अजून माझ्याशी बोलत नाय.

दोघींना पुढच्या तपासणीला बोलावलंय. मी दिवसभर बॅटरी धरून उभी होती, खांदा भरून आला.

वहिनीला सांग, हळदीच्या रात्री माझ्यापुरतं मटण बिनमिरचीचं काढून ठेव. हल्ली तिखट सोसत नाय. वय झालं.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
सत्यवती


रोडपाली
९ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यवती हिस,
अ. उ. आ.

टाकीचं वाचून फार हसलो. माझ्या हसण्याला आवाज नाही, त्यामुळे तुझ्या वहिनीला वाटलं श्वास अडकला. पाठीत धपाटा बसला.

मग शेवटच्या ओळी वाचल्या. लहानपणी तू हिरवी मिरची मीठ लावून भाकरीबरोबर खायचीस. दाजींना अजून तुझ्या हातचं जेवताना घाम फुटतो. छप्पन्नाव्या वर्षी तिखट बंद होत नाही, सत्यवती. मी शिबिराची यादी मागवली. सत्तर नावं आहेत, तुझं नाही. खतीजाबाई म्हणाल्या, बॅटरी तू दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायलाच तयार नव्हतीस.

कधीपासून झोंबतंय, कुठे, आणि पांढरं दिसतं का, तेवढं लिही. ख्यालीखुशाली नंतर.

रागावलेला आणि तरीही तुझाच,
बळीराम


गव्हाण
१४ फेब्रुवारी

ती. दादूस यास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीपासून झोंबतंय. डाव्या गालाला आतून, जिभेच्या कडेला. पांढरं हाय. आरशात बघायचं मी सोडलं. मशेरी पण सोडली, हे तुझ्या समाधानासाठी.

दाखवायला मी तयार हाय, पण मनस्वीची हळद झाल्यावर. धवले मला आयेने शिकवले, ते कुठे लिहिलेले नाय. गावच्या एवढ्या पोरींना गाऊन हळद लावली आणि आपल्या घरच्या पोरीला मुकी हळद लावू? डॉक्टर कापणार, एवढं मला कळतं. तुझं कापलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसली होती. आत जाताना तू माझ्यावर खेकसलास, चपला नीट ठेव म्हणून. ते तुझं शेवटचं बोलणं. मला भीती वाटते, दादूस. मे काय लांब नाय, तीन महिने.

रागाने माया कमी करू नको.

तुझी,
सत्यवती


रोडपाली
१८ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यवती हिस,
अ. उ. आ.

हे पत्र मनस्वीच्या हाती पाठवतो आहे. पोस्टाचे चार दिवस आता परवडत नाहीत.

तुला एक सांगितलं नव्हतं. माझा आवाज बसला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लगेच या, किरणांचा शेक देऊन भागेल, आवाज राहील. मी म्हटलं, गणपती होऊ देत. आळीतल्या आरत्यांना माझाच आवाज लागायचा. गणपती झाले, मग नवरात्र आलं. दिवाळीत गेलो तेव्हा पेटी काढण्याशिवाय इलाज उरला नव्हता. त्या वर्षी आरत्या चांगल्या झाल्या होत्या, लोकांनी कौतुक केलं. इस्पितळात मी हे कोणाला लिहून दाखवत नाही. लाज वाटते.

मनस्वीला तुझं पत्र वाचायला दिलं. तिला बोलता येतं, तरी तिने माझ्या हातातली पाटी ओढून घेतली आणि लिहिलं की तिला आत्या पाहिजे, धवले नसले तरी चालतील. पाटी अजून पुसलेली नाही.

शुक्रवारी सकाळी आठला रिक्षा घेऊन तुझ्या दारात येतो. पाटी आणणार नाही, म्हणजे वाद घालायची सोय राहणार नाही. चपला नीट घालून तयार राहा.

तुझा,
बळीराम


इस्पितळ
६ एप्रिल

ती. दादूस यास,
शि. सा. न. वि. वि.

तू रोज येतोस, तरी लिहिते, कारण दोघांत पाटी एकच हाय आणि ती तू सोडत नाय.

गालाचा तुकडा आणि जिभेची कड काढली. नाकातल्या नळीने जेवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग अजून लहान होता, मेपर्यंत राहिली असती तर जबडा गेला असता. खतीजाबाई येऊन एकट्याच बोलतात, तेवढं बरं वाटतं. हळदीला आता गोदू गाणार, तिच्यासाठी धवले वहीत उतरवतेय. चाल वहीत येत नाय, गोदू आली की टाळ्या वाजवून दाखवते. बाजूच्या खाटेवरची बाई कंटाळली हाय.

तुझ्या मायेत तूट नाय, हे बघितलं.

तुझी,
सत्यवती


गव्हाण
२५ मे

ती. दादूस यास,
शि. सा. न. वि. वि.

पोरगी सासरी रुळली असेल. गोदूने तीन जागी धवला चुकवला. मी हात वर केला की ती थांबायची आणि मागून परत धरायची. नवऱ्याकडच्या बायांना वाटलं ही आपली रीतच हाय. तिसऱ्या वेळी त्यांनी पण हात वर केले. मटण बिनमिरचीचं होतं, वहिनीला सांग, पोचलं.

आता रोज बोलायचा सराव करायला सांगितलाय. बोबडं येतं. यांना निम्मं कळतं, पण यांना आधी पण निम्मंच कळायचं.

१ जूनला रविवारी सकाळी दहाला वहिनीच्या फोनवर फोन करीन. तो तू उचल. तुला बोलता येत नाय हे मला माहीत हाय. नुसतं ऐक, आणि ऐकलंस की बोटाने दोनदा टकटक कर, म्हणजे मला कळेल.

माया होती तिथेच राहू दे.

तुझी,
सत्यवती


रोडपाली
१ जून

चि. सौ. सत्यवती हिस,
अ. उ. आ.

आधी कामाचं. १५ तारखेला शेजारच्या गावात शिबिर आहे. खतीजाबाई म्हणतात, तू यावंस. बॅटरी दुसरं कोणी धरील. तू पहिल्या खुर्चीवर बसून तोंड उघडायचं आणि बायकांना आत बघू द्यायचं. त्या दिवशी मशेरी लावून येऊ नका, हेही घरोघर तूच सांगायचं.

दहाला फोन आला. आधी तुझा आवाज ओळखला नाही. मग तू हळदीचा पहिला धवला धरलास. शब्द निम्मे समजले नाहीत. चाल एकदाही चुकली नाही. मध्ये दोनदा थांबलीस, दम घेतलास आणि शेवटपर्यंत म्हटलास. आयेचा आवाज आठवला. मी रडलो, त्यालाही आवाज नाही, म्हणून लिहून कळवतो.

तुझी वहिनी स्वयंपाकघरातून आली, दार कोण एवढं वाजवतंय म्हणून उघडून बघून आली. दारात कोणी नव्हतं. दोनदाच टकटक करायची होती, हे माझ्या लक्षात होतं. पण बोट थांबेना.

पुढच्या रविवारीही दहालाच कर.

तुझा,
दादूस