कात्री ज्याच्या हातात, तो मी

प्रिय छोट्या,

तू फोन उचलत नाहीस. तुझी आई म्हणते, "राहू द्या, राग नाकावरच असतो त्याच्या, उतरेल." मला नाही वाटत. म्हणून लिहितो.

माझ्या मेंदूला सूज आली तेव्हा तू परगावी होतास. मी वाचलो. सोडताना डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, सगळं साफ, नशीबवान आहात. हात चालत होते, जीभ चालत होती. आईने तुला "ठणठणीत आहेत" म्हणून कळवलं. तिचा दोष नाही. काय गेलं ते कुणी विचारलं नाही, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

चेहरे गेले. डोळे, नाक, ओठ सगळं दिसतं, पण त्याचा माणूस होत नाही. आईला मी आवाजावरून ओळखतो. दुकानाच्या आरशात दोन चेहरे असतात. कात्री ज्याच्या हातात, तो मी.

डोकी मात्र मागून ओळखतो. सगळा जन्म लोकांच्या पाठीशी उभं राहून काढला, तो असा कामी आला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की माझा जीव भांड्यात पडतो. तेच समोरून आलं की परकं. निवृत्त मास्तर रस्त्यात हसत आले, मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. मास्तरांनी दुकान बदललं. "मरता मरता वाचला आणि शेफारला," असं म्हणतात म्हणे. पाय मोडला असता तर लोकांनी बसायला जागा दिली असती. मी बाहेरून धडधाकट, हाच गुन्हा. डॉक्टरांकडे परत गेलो तर म्हणे वय झालं, विसरायला होतं. अहो, विसरत नाही मी! मास्तरांच्या उजव्या कानामागचे केस उलटे वाढतात, तेसुद्धा मला आठवतं.

शेवटी दुसऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी माझ्यासमोर फोटो मांडले. एकावर बोट ठेवून मी म्हणालो, या गृहस्थांना दाढीची गरज आहे. तो माझाच होता. बाई हसल्या नाहीत. अशा सुजेनंतर काहींचं असं होतं म्हणाल्या, आणि पुष्कळांना ते कुणी सांगतच नाही. मला भरून यायला हवं होतं. मला संताप आला. दोन वाक्यं होती. पहिल्या दवाखान्यात का नाही सांगितली?

आता आरशावर मी पाटी लावली आहे: 'आजारामुळे मला चेहरे ओळखू येत नाहीत. आल्यावर नाव सांगा.' शेजारचा औषधवाला म्हणतो, "सकाळी सकाळी मलाही बायको ओळखू येत नाही, मी लावतो का पाटी?" सगळे हसतात. एक जण रोज नवं नाव सांगतो. पाटी फाडून टाकावीशी वाटते. फाडत नाही.

कारण तू आलास त्या दिवशी ती तिथे नव्हती. दुकानात गर्दी होती. दाढी वाढवलेला एक तरुण बॅग घेऊन दारात उभा राहिला, काही न बोलता. तू धंदा सोडून कचेरीत गेलास तेव्हापासूनचा आपला अबोला. आधी बाबांनी बोलावं, असं तुला वाटलं असणार. मी बोललो. म्हणालो, "बसा साहेब, पुढे दोघं आहेत." तू वळलास. तेव्हा मला ते दोन भोवरे दिसले, ज्यांवरून आई तुला दोन बायकांची धमकी द्यायची. गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं तसंच टाकून मी धावलो. तोवर तू गर्दीत शिरला होतास. हाक मारली, तर कितीतरी चेहरे वळले. त्यांत तू होतास की नव्हतास, मला आजही माहीत नाही.

तो टोमणा नव्हता रे. खरंच गिऱ्हाईक समजून बोललो. ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, सरळ खुर्चीत बस. मानेवर कुणीतरी तुझे केस वाकडे कापलेत.

तुझेच,
बाबा