येर्मुखानचा चापान

अर्कालिक,
१८ ऑक्टोबर २०१०

चि. येर्मुखान यास थोरल्या बहिणीचे, बाल्झानचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिवणयंत्र थांबलेलं नाही. यंदा हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापायचा ठरलाय, शेजारी निम्मा वाटा घेतील.

तू पाठवलेलं तोर्गाय प्रांताच्या इतिहासाचं पुस्तक मिळालं. त्यातल्या फोटोत छान दिसतोस, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आलीय.

नगरकचेरीतली मुलगी येऊन गेली. प्रांत झाला त्याला चाळीस वर्षं झाली म्हणून पुढच्या महिन्यात समारंभ आहे, तुम्हा जुन्या साहेबांच्या खांद्यांवर मानाचे चापान, ते लांब भरजरी झगे, घालायचेत. तुझा मी शिवायचा आणि व्यासपीठावर मीच घालायचा. "सख्ख्या बहिणीच्या हातून, बाल्झान-आपाय. लोक रडतील बघा," म्हणाली.

जो प्रांत नकाशावर नाही त्याचा वाढदिवस! सत्तर साली मांडला, अठ्ठ्याऐंशीला मोडला, नव्वदला पुन्हा मांडला, सत्त्याण्णवला कायमचा मोडला. भातुकली होती तुमची. खेळणारे उठून गेले, आम्ही तिथेच राहिलो.

पुस्तकातलं तू लिहिलेलं प्रकरण वाचलं. प्रांत कायमचा मोडला त्या हिवाळ्यात अज्ञात चोरांनी रिकाम्या घरांतले ऊब देणारे रेडिएटर ओरबाडून नेले आणि शहर गारठलं, असं तू लिहिलंयस. अज्ञात! ते पुस्तक घरात नको वाटलं, बाल्कनीत नेऊन टाकलं.

त्यातला एक चोर तुझ्यामाझ्या ओळखीचा आहे. प्रांताची कचेरी कोस्तानायला हलली आणि तू तिसऱ्या मजल्यावरच्या तुझ्या घरातले रेडिएटर कापून ट्रकमध्ये चढवलेस, तेव्हा मी जिन्यात उभी होते. "नव्या घरात लागतील गं. पाइपांची तोंडं बंद करून घेतो," असं म्हणालास. केली नाहीस. तोच पाइप वर आमच्याकडे येतो, हे तुला ठाऊक होतं. थंडी पडल्यावर गरम पाणी सोडलं, ते तुझ्या रिकाम्या घरात धो धो सांडलं, आणि प्लंबरने वरखालच्या अख्ख्या रांगेचं गरम पाणी बंद केलं.

खिडकीतून धुराडं काढून मी लोखंडी शेगडी पेटवली. आधी कपाट जाळलं, मग खुर्च्या. आईच्या खोलीपर्यंत ऊब काही पोचली नाही. फेब्रुवारीत ती गेली, तेव्हा तारेत मी तुला "न्यूमोनिया" एवढंच कळवलं. बर्फाने रस्ता बंद आहे म्हणून तू आला नाहीस. बर्फ वितळल्यावरही आला नाहीस.

तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते. अंगावर तीन गोधड्या घेऊन आई रोज विचारायची, "येर्मुखानचं नवं घर उबदार आहे ना गं?" मी हो म्हणायचे. ती समाधानाने डोळे मिटायची.

तुझी किळस येते मला. भाऊ आहेस म्हणून जास्तच येते.

चापान तयार आहे. निळी मखमल, सोनेरी जर, आत भरपूर कापूस. व्यासपीठावर मी येणार नाही. तो आईच्या पलंगावर ठेवलाय. आपल्यात मेलेल्या माणसाच्या घरी कितीही वर्षांनी आलं, तरी दारातून रडत आत शिरावं लागतं. तसा ये. जिना चढताना तुझ्या घराचं दार उघडंच दिसेल, भिंतीतली पाइपांची तोंडं बघून घे. मग वर येऊन रड, आणि चापान आपल्या हाताने उचलून अंगावर घाल. नाही आलास, तर तो आईवरच पांघरलाय असं मी समजेन.

तुझ्या रिकाम्या घराच्या डोक्यावर अजून राहणारी,
बाल्झान